गिटारचा किट आणि उसनी हत्यारे

बाजारात तयार गिटार मिळत असताना ती घरी बसून जुळवण्याचा उपद्व्याप कशासाठी, हा प्रश्न मला आईने, वर्गमित्रांनी आणि कॉस्टिंगच्या सरांनीही विचारून झाला आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने हौसेने परदेशातून गिटारच्या सुट्या भागांचा एक किट आणला. दोन रजा संपल्या तरी त्याची मजल खोके उघडण्यापलीकडे गेली नाही. शेवटी वास्कोहून बेळगावला आला तेव्हा ते खोके माझ्या गळ्यात घालून तो परत बोटीवर गेला. फुकटचे म्हणून मी घेतले. फुकटच्या वस्तूला खर्च किती येतो हे खोक्यातल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापले होते. तेथे चाळीसेक हत्यारांची यादी होती. वाणिज्य शाखेच्या सवयीने मी प्रत्येक नावापुढे किंमत मांडली, तर बेरीज चांगल्या तयार गिटारच्या पुढे गेली.

माझ्याजवळ शिकवण्यांचे साठवलेले सहा हजार रुपये होते. म्हणून यादीतले काय घ्यायचे, काय उसने आणायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे भाग पडले. हे ठरवताना मी केलेल्या चुका दुसऱ्या कोणी करू नयेत एवढ्यासाठी हा लेख.

आधी भागांची नावे सांगतो. गिटारवाले इंग्रजी नावे वापरतात, पण मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांचे शब्द आपल्याला जवळचे आहेत आणि ते इथेही चालतात. वरची पातळ फळी ती तबली, गळा ती दांडी, आडव्या धातूच्या पट्ट्या ते पडदे, आणि तारा जिच्यावरून जातात ती घोडी. फरक एक आहे, आणि तो मोठा आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले असतात. चूक एकदा ठोकली की ती वाद्याबरोबरच राहते.

किट या शब्दाचा अर्थही मला उशिरा कळला. आपण पैसे लाकडाचे मोजतो असे वाटते, पण खरे म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रांवर झालेल्या कामाचे मोजतो. माझ्या खोक्यात तबलीचे दोन अर्धे जोडून सुमारे तीन मिलिमीटरपर्यंत तासलेले होते. शिसवी बाजू वाफेवर आणि उष्णतेवर वाकवलेल्या होत्या, दांडी कोरलेली होती, पडद्यांच्या खोबणी पाडलेल्या होत्या. या खोबणींचा हिशेब असा की, प्रत्येक पडद्याचे अंतर उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून येते. तारेची लांबी ६४५ मिलिमीटर धरली तर पहिला पडदा ३६.२ मिलिमीटरवर, आणि बारावा बरोबर मध्यावर. हे काम हाताने करायला जी करवत आणि जे साचे लागतात ते किटवाल्याला लागतात, मला नव्हे. बाजू वाकवायची तापलेली नळी, जाडी तासायचे यंत्र, खोबणीची करवत, ही नावे मी यादीतून पहिल्याच दिवशी खोडली. (शिसवीबद्दल जाता जाता: मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने ब्राझीलचे शिसव मिळेनासे झाल्यावर १९६९ पासून भारतीय शिसव वापरायला घेतले. आपल्या पश्चिम घाटातले झाड बोटीने जगभर हिंडून पुन्हा आमच्या माळ्यावर यावे, याची मला मोठी गंमत वाटली.)

मग उरलेल्या नावांपुढे मी एकच प्रश्न लिहिला: या हत्याराने केलेली चूक परत दुरुस्त करता येईल का? जिथे येईल तिथे उसने किंवा घरगुती साधन. जिथे येणार नाही तिथे पैसे. हा नियम मी आज शहाणपणाने सांगत आहे, पण तो सुचला तबली बिघडल्यानंतर.

झाले असे. किट आला जूनच्या अखेरीस. मला उत्साह दम धरू देईना. जुलैच्या भर पावसात, भिंतीला ओल आलेल्या खोलीत, मी तबलीच्या आतल्या बाजूच्या आडव्या-तिरक्या आधारपट्ट्या चिकटवून टाकल्या. काम सुबक दिसत होते. परीक्षा आल्या, तबली खिळ्याला टांगून ठेवली. फेब्रुवारीत खाली काढली तेव्हा ती परातीसारखी आत बसली होती आणि एका कडेला चार बोटे लांब चीर गेली होती.

कारण साधे आहे. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. त्याने ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांवरून चाळीसवर आली तर सुमारे ४०० मिलिमीटर रुंद तबली चार-पाच मिलिमीटर आकसू पाहते. पण तिच्यावर आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या आपल्या लांबीत आकसत नाहीत. मग तबली एक तर वाकते, नाही तर फाटते. माझ्या तबलीने दोन्ही केले. पुस्तिकेत ‘चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेत काम करावे’ असे एक वाक्य होते, पण ज्याने ते लिहिले त्याने बेळगावचा आषाढ पाहिलेला नसावा. त्याने ते पहिल्या पानावर मोठ्या टाइपात छापायला हवे होते.

म्हणून यादीत ज्याचा क्रमांक शेवटून तिसरा होता ते आर्द्रतामापक आता माझ्या यादीत पहिले आहे. साडेतीनशे रुपयांत येते. स्वस्त मापकावर भरवसा ठेवू नये, पण त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओले, रेतीसारखे होईल एवढेच पाणी घालावे, आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. डब्यातली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिरावते. माझे मापक एकोणऐंशी दाखवत होते. म्हणजे चार वजा करायचे, एवढेच. दुसरे साधन म्हणजे एक जुने लाकडी कपाट आणि त्यात जुन्या पद्धतीचा, तापणारा चाळीस वॅटचा दिवा. तबली आणि पट्ट्या त्यात चार दिवस ठेवून, मापक पंचेचाळीसच्या आसपास आले की चिकटवायचे. जुन्या पट्ट्या मी गरम सुरीने हळूहळू सोडवल्या, चिरेत सरस भरला, आतून लाकडाची छोटी ठिगळे लावली. ठिगळे दिसत नाहीत, पण मला ती कुठे आहेत ते माहीत आहे.

तबलीसाठी इतका जीव का टाकायचा, अशी शंका कोणाला येईल. स्पेनच्या अंतोनियो दे तोर्रेस या कारागिराने १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. तबली मात्र उत्तम लाकडाची. आवाज तबली देते हे त्याला दाखवायचे होते.

मापाच्या साधनांतही मी एकदा फसलो. दुकानात पोलादी पट्टी मागितली, त्याने साठ सेंटिमीटरची दिली, मी घेतली. घरी आल्यावर ध्यानात आले की तारेची लांबीच ६४५ मिलिमीटर आहे! घोडीची जागा दोन टप्प्यांत मोजावी लागते आणि टप्प्याटप्प्याने चूक शिरते. शिवाय घोडी बरोबर ६४५ वर बसत नाही. तार पडद्यावर दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून बारीक तारेकडे सुमारे दोन आणि जाड तारेकडे सुमारे पाच मिलिमीटर जास्त लांबी द्यावी लागते. हे तीन-चार मिलिमीटर चुकले की वरच्या पडद्यांवर गिटार कायम बेसूर. घोडी एकदा चिकटली, तारांचा सुमारे सत्तर किलोंचा ताण तिने घेतला, की मग ती सरकवणे सोपे नाही. तेव्हा मीटरभराची पट्टीच घ्यावी. घेण्यापूर्वी तिच्या कडेने कागदावर बारीक रेघ ओढावी, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून पुन्हा ओढावी. दोन रेघांत मध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्यावा. हीच पट्टी पुढे दांडीचा कोन तपासायला लागते. पडद्यांवर ठेवली की तिचे टोक घोडीच्या माथ्याला जेमतेम टेकले पाहिजे. तो कोन सुधारायचे साधन काय, तर पॉलिशपेपरची पट्टी: दांडीची टाच आणि पेटी यांच्यामध्ये धरून ओढायची, पुन्हा मोजायचे. सगळ्या गिटारमधले सर्वांत निर्णायक काम आणि सर्वांत स्वस्त हत्यार.

धरून ठेवायच्या साधनांवर, म्हणजे क्लॅम्पांवर, यादीचा निम्मा खर्च होता. तो मी जवळजवळ सगळा वाचवला. कडेची खाचा पाडलेली पट्टी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बसते. चिमटे प्लॅस्टिकचे असले तर वर रबर गुंडाळावे. पेटीला पाठ चिकटवताना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घट्ट आवळल्या. आधारपट्ट्यांसाठी तर बांबूच्या कामट्याच उत्तम. वर-खाली दोन प्लायच्या फळ्या, कोपऱ्यांत आटे पाडलेले चार गज, आणि मधल्या अंतरापेक्षा थोड्या लांब कामट्या. कामटी वाकवून मध्ये अडकवली की ती आपल्या ताणाने पट्टी दाबून धरते. परदेशी कारागीरही हेच करतात, फक्त त्यांच्या कामट्या विकत मिळतात. खऱ्या धातूच्या क्लॅम्पांपैकी मला घोडीसाठी दोन लागले. ते उसने मिळाले.

उसने म्हणजे शेजारच्या सुतारकाकांकडून. त्यांनी रंधा दिला, गुण्या दिला, कडेला समांतर रेघ ओढायचे खतकस दिले, त्याला पाते बसवूनही दिले. पटाशी मात्र दिली नाही. ‘तम्मा, फळी माग, रंधा माग, उळी मागू नको,’ म्हणाले. (उळी म्हणजे पटाशी, हे कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नको.) मला आधी राग आला. नंतर त्यांनीच धार लावायला शिकवली तेव्हा कारण कळले: प्रत्येकाचा हात दगडावर वेगळ्या कोनात पडतो, आणि दुसऱ्याने बिघडवलेली धार पुन्हा आपल्या कोनात आणायला अर्धा दिवस जातो. तेव्हा एक सहा आणि एक बारा मिलिमीटरची अशा दोन पटाश्या आणि एक दगड विकत घेतला. देवदारासारखे मऊ लाकूड बोथट पटाशीने कापले जात नाही, चिरडले जाते.

शेवटचा भाग पडद्यांचा, आणि इथे काटकसर बेताने करावी. पडदे ठोकायला साधी हलकी हातोडी आणि मध्ये कठीण लाकडाचा ठोकळा पुरतो. पण ठोकल्यावर सगळे एका पातळीत आणायला लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेली सपाट कानस लागते. मी आणलेली कानस नवीकोरी होती. तरी ती चालवल्यावर मधले पडदे उंचच राहिले. नाचता येईना अंगण वाकडे, असे मित्र म्हणाले. पण अंगण खरोखरच वाकडे होते! टेबलाच्या जाड काचेवर ठेवून बोटाने दाबली तर कानस डुगडुगत होती. उद्यमबागेतल्या एका यंत्रशाळेत ओळख काढली, तिथल्या सपाट लोखंडी पाटावर घासून चार कानशींतून एक सरळ निवडली. तिथेच लेथवर वापरतात तो पोलादी चौरस तुकडा पाहिला. तो अचूक घासलेला असतो. लागोपाठच्या तीन पडद्यांवर ठेवला आणि हलला, तर मधला पडदा उंच. परदेशात याच कामाचे खास हत्यार विकतात.

पातळीत आलेल्या पडद्यांचा माथा सपाट होतो, तो पुन्हा गोल करायला तिकोनी कानस. तिच्या धारा आधी दगडावर मारून गुळगुळीत कराव्यात, नाही तर पडद्याशेजारचे लाकूड ओरबाडले जाते. तारांच्या खाचांसाठी मापाच्या सहा कानशी लागतात, त्यांची किंमत पाहून मी पान उलटले. गॅस वेल्डिंगवाले नळीचे तोंड साफ करायला खरबरीत तारांचा जुडगा वापरतात, त्यात जवळची मापे सापडली. काम हळू होते, पण हळू होणे इथे फायद्याचेच, कारण खाच एकदा खोल गेली की तार पहिल्या पडद्याला लागते.

मापक, मीटरची पट्टी, दोन पटाश्या, दगड, दोन कानशी, गोंद आणि पॉलिशपेपर मिळून खर्च तीन हजार आठशेच्या आसपास झाला. यात साठ सेंटिमीटरची पट्टी आणि पहिली वाकडी कानस धरली आहे. कॉस्टिंगचे सर त्यांना ‘असाधारण हानी’ म्हणतील. सुतारकाकांच्या रंध्याला धार लावून तो मागच्या आठवड्यात परत केला. गिटारला तारा चढल्या आहेत. दुसरी तार दहाव्या पडद्यावर दाबली की अकराव्याला लागून अजून किंचित भणभणते. लेथचा तो तुकडा पुन्हा मागून आणला आहे, येत्या रविवारी अकरावा पडदा पाहायचा आहे.