तारापूरची वीज

घरांतील दिवा लावतांना ही वीज कोठून आली, असा प्रश्न आपल्यांपैकीं कितीजणांच्या मनांत येतो? मी शाळेंत शिकवीत असतां मुलांना हा प्रश्न नेहमीं विचारीत असें. "खांबावरून," असें उत्तर येई. त्या खांबाच्या मागें काय आहे, हें आज थोडक्यांत पाहूं.

महाराष्ट्रांत विजेचीं दोन जुनीं माहेरें आहेत. एक सह्याद्रि. खोपोली येथें टाटांनीं १९१५ सालीं घाटमाथ्याचें पाणी खालीं सोडून मुंबईकरितां वीज निर्माण केली; पुढें कोयना झाली. दुसरें माहेर विदर्भांतील दगडी कोळसा. परंतु पाऊस रुसला कीं धरण आटतें, आणि कोळसा जाळला कीं राख व धूर मागें राहतात. तिसरें माहेर पालघर जिल्ह्यांत, समुद्रकांठीं तारापूर येथें आहे. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांपासून १९६९ सालीं भारतांत अणुविजेचा प्रारंभ झाला. प्रत्येकीं ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या २००५ व २००६ सालीं त्यांस येऊन मिळाल्या.

या भट्टींत घडतें काय? युरेनियमच्या अणुगर्भावर न्यूट्रॉन आदळला असतां तो दुभंगतो, उष्णता निघते, आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडून शेजारचे गर्भ फोडूं लागतात. ही सांखळी आवरून धरणें, हेंच भट्टीचें कौशल्य. उष्णतेनें पाण्याची वाफ होते, वाफेनें चक्र फिरतें, आणि चक्र जनित्र फिरवितें. म्हणजे चूल तेवढी बदलली, स्वयंपाक तोच.

एक किलोग्रॅम विभाज्य युरेनियम पूर्णपणें दुभंगलें, तर तें अडीच हजार टनांहून अधिक कोळशाइतकी उष्णता देतें. नैसर्गिक युरेनियमांत असा भाग हजारीं सातच असतो. तरीहि इंधनाचा भार फार हलका. भट्टींतून धूर निघत नाहीं, आणि रात्र, ढग वा अवर्षण यांनीं तिचें काम अडत नाहीं.

गुणांबरोबर दोषहि सांगणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे. वापरलेल्या इंधनांतील किरणोत्सर्ग हजारों वर्षें टिकतो. त्यांतील जहाल अवशेष कांचेंत बद्ध करण्याची व्यवस्था तारापुरासच आहे. परंतु राखण पुढील पिढ्यांनाहि करावी लागेल. १९८६ सालीं चेर्नोबिल व २०११ सालीं फुकुशिमा येथें काय झालें, तें जगानें पाहिलें. शिवाय तारापूरच्या पुढील दोन भट्ट्यांकरितां अक्करपट्टी व पोफरण या गांवांना आपली जागा सोडावी लागली. आपला दिवा लागला, तेव्हां कोणाचें तरी अंगण गेलें, हें आपण विसरूं नये.

माझें मत विचारलें, तर तें अणुविजेच्या बाजूचें आहे. पण जमेची बाजू मोठी दिसली म्हणून खर्चाचें पान फाडणें हा हिशेब नव्हे. भट्टीची सुरक्षितता, अवशेषांची राखण व विस्थापितांचें पुनर्वसन यांचा खर्च विजेच्या किंमतींत धरला, तरच ती वीज आपण प्रामाणिकपणें वापरली असें म्हणतां येईल.