आईच्या नावाचा ठसा

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या यात्रेत नदीला नाणे वाहताना त्यावर कुणाचा छाप आहे, हे कुणी निरखत नाही. जुन्या काळी मात्र ज्याचा छाप त्याची सत्ता, असा हिशेब होता. आणि क्वचित, जिचा छाप तिची!

इ. स. ५४ मध्ये रोमच्या गादीवर सोळा वर्षांचा नीरो आला. त्या वर्षीच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर मायलेक समोरासमोर आहेत. दर्शनी बाजूला नाव आहे ते आईचे, अग्रिपिनाचे. मुलाचे नाव मागे. दुसऱ्याच वर्षी मुलाचा चेहरा पुढे आला आणि आईचा त्याच्या आड गेला. पुढे ती नाण्यांवरून नाहीशी झाली आणि इ. स. ५९ मध्ये मुलाच्याच हुकमाने जगातूनही.

आपल्याकडे सातवाहनांची राणी नागनिका हिचे नाव सातकर्णीच्या नावाबरोबर जुन्नर भागात मिळालेल्या चांदीच्या नाण्यावर आहे. नाणेघाटातला तिचा लेख यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादीच सांगतो.

विदर्भाची कथा याहून जवळची. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली. पती दुसरा रुद्रसेन लवकर वारला, मुले लहान. युवराज दिवाकरसेनाच्या नावाने तिने किमान तेरा वर्षे कारभार पाहिला. तिची पणजी कुमारदेवी गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यावर पतीशेजारी उभी आहे. प्रभावतीचा ठसा मात्र साध्या मातीवर सापडला. रामटेकजवळच्या नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात मिळालेला हा मुद्रांक जेमतेम ६.४० ग्रॅम वजनाचा. त्यावर ब्राह्मी लिपीत तिचे नाव आणि वर शंख. पत्राच्या किंवा मालाच्या गाठीवर ओली माती थापून मुद्रा दाबायची, अशी ही रीत. ती माती म्हणजे राणीची सहीच.

पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात तर सासरच्या आधी माहेरची वंशावळ येते, आणि गोत्रही वडिलांचेच, धारण. सोळाशे वर्षांपूर्वीच्या विधवेने हे तांब्यावर कोरून ठेवले!

रोममध्ये आईचा चेहरा मुलाने पुसला. आपल्याकडे असे ठसे अजाणता पुसले जातात. नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खणतीत लागलेली चांदी सरळ सोनाराकडे जाते आणि तासाभरात तिचे पैंजण होतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरच्या किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण कायद्याआधी कुतूहल हवे. चांदी वितळली तर वजन तेवढेच उरते, नाव मात्र जाते. आणि ते नाव कदाचित, पुन्हा कधीच न सापडणाऱ्या एखाद्या राणीचे असेल.