रातांबा इथेच का, माड सगळीकडे का?

मैत्रिणींनो, परसात एक फेरी मारा आणि झाडं बघा. माड, आंबा, फणस, रातांबा, काजू, कुंपणाकडे अननस, वाफ्यात मिरची. सगळी आपलीच वाटतात ना? पण काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो जहाजातून इकडे आणला. मिरची, अननस, पेरू, पपई, रताळं हीसुद्धा तिकडचीच, अमेरिका खंडातली. गंमत बघा, त्याच काजूला पुढे 'वेंगुर्ला काजू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. चारशे वर्षं नांदल्यावर सुनेला कोण परकी म्हणेल!

रातांब्याचं उलट आहे. त्याचं मूळ घर म्हणजे सह्याद्रीचा पश्चिम उतार आणि खालची किनारपट्टी: कोकण, गोवा, कर्नाटकाचा किनारा आणि थोडा केरळ. आपण ज्याला बांधावरचं झाड म्हणून सोडून देतो, ते जगाच्या बहुतेक भागात कुणी पाहिलेलंसुद्धा नाही.

असं का होतं? कुठलंही झाड किंवा प्राणी एखाद्या जागी दिसायला दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक, तिथवर पोचता आलं पाहिजे. दुसरी, पोचल्यावर तिथलं हवापाणी सोसलं पाहिजे.

माडाचं बघा. नारळाला सोडणाची जाड होडीच मिळालेली आहे. समुद्रात पडला तरी कितीतरी दिवस तरंगतो आणि दूरच्या वाळूत लागला तर रुजतो. म्हणून बेटाबेटांवर माड दिसतो. खाडीतलं कांदळही तसंच. त्याचं बी झाडावर असतानाच मोड काढतं, लांब शेंगेसारखं लोंबतं, मग पाण्यात पडून भरतीबरोबर वाहत जातं. आपल्या खाडीतलं कांदळ पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही आहे आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरही. रातांब्याच्या बीला मात्र असला प्रवास झेपत नाही. ते वाळलं की रुजत नाही, ताजंच पेरावं लागतं. माकडं, पाखरं नेतील तेवढीच त्याची मजल.

आणि वाटेत सह्याद्रीची भिंत उभी. देवगडहून फोंडाघाट चढून निपाणीला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून पुढे गेलात की पाऊस झपाट्याने उतरतो, हवा कोरडी होते आणि दोन-तीन तासांत झाडोरा पार बदलतो. रातांब्याला आपली दमट हवा लागते, तिकडे रानात तो आपणहून येत नाही.

त्याचे भाऊबंद मात्र दुसरीकडे आहेत. केरळात माशाच्या कालवणात आपल्या सोलांऐवजी कुडमपुळी घालतात, ती याच कुळातली. मलेशियाकडचं मंगोस्टीन हाही चुलतभाऊच. एकच कूळ, पण जिथे जो रुजला तिथली आंबट चव त्याने धरली.

आता हे आपल्या गटाला कशाला हवं? जे दुसरीकडे होत नाही त्याला बाजारात मोल असतं, म्हणून. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमालाही भौगोलिक मानांकन आहे. पण त्या नावाने सोलं, आगळ विकायचं तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. गटांनी तेवढं तरी करून घ्यावं असं माझं मत आहे. दुसरी बाजूही आहे. काजू इथे संपला तर ब्राझीलमध्ये आहे, रातांबा इथे संपला तर आणणार कुठून? दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबर आणि अननसासाठी जुनी रानं तुटलीत, त्यात असली झाडं गेलीच. शिवाय रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी पेरून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. फळ धरत नाही म्हणून आपण त्यांना 'वांझ' म्हणतो आणि कुऱ्हाड घालतो. पण परागासाठी थोडे नर लागतात, सगळे तोडू नका. नवीन लावायचं असेल तर मादी झाडाचं कलम घ्या.

बाहेरून येणारं सगळंच काजूसारखं गुणी नसतं. बांधावर माजणारी रानमोडी अमेरिकेकडचीच. माडाच्या पात्यांवरची चक्राकार पांढरी माशीही तिकडची. २०१६ मध्ये ती भारतात पहिल्यांदा तामिळनाडूत पोल्लाचीला दिसली. अशी कीड रोपांबरोबर गावोगाव फिरते. म्हणून बाहेरगावची रोपं घेताना पानाची खालची बाजू उलटून बघायची. पांढरे गोल गोल ठिपके दिसले तर ते रोप घरी आणायचं नाही.

हाच हिशेब खाडीतही चालतो, फक्त तिथे भिंत डोंगराची नसून मिठाची असते. मुखाकडे खारं पाणी जास्त, तिथे पांढरी चिप्पी. (२०२० मध्ये तिला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.) काठाच्या चिखलात कांदळ. तिवर बरंच काही सोसते, म्हणून ती जागोजाग. वर गोडं पाणी मिसळतं तिथे काटेरी मारांडी. झाडं बघूनच पाण्याचा अंदाज येतो.

म्हणून कुठल्या योजनेत 'अमक्या खाडीत छान झालं' असं सांगून कालवं किंवा कुर्ल्या पाळायला सुचवलं, तर आधी आपलं पाणी बघा. कुर्ली खारं-गोडं बरंच सोसते. कालवाला मात्र पावसात गोडं पाणी फार दिवस राहिलं तर धोका असतो. जिथे कातळाला कालवं आपणहून धरतात आणि पावसाळ्यानंतरही जिवंत सापडतात, ती जागा धरावी. कोयती घेऊन वर्षानुवर्षं कालवं काढणाऱ्या आपल्याच वाडीतल्या आयांना अशा जागा तोंडपाठ असतात. अर्ज भरायच्या आधी एकदा ओहोटीच्या वेळी त्यांच्याबरोबर खाडीत उतरा.