निधीसाठी पदयात्रा : कबूल आणि जमा

विद्यार्थी साहाय्य निधीसाठी येत्या हिवाळ्यात एक पदयात्रा काढावी, असा विचार आपल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी मांडला आहे. विचार स्वागतार्ह आहे. परंतु माणसे चालली की पैसा आपोआप उभा राहतो, हा समज मात्र खरा नाही. आम्ही बँकेत कारकुनी करणारे. आमच्या लेखी 'कबूल' आणि 'जमा' हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत, आणि पदयात्रेचे सारे यशापयश या दोन शब्दांमधल्या अंतरावर ठरते. म्हणून हा लेखनप्रपंच.

चालणे आपल्या भागाला नवीन नाही. शेगावची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते. वाटेवरचे एक गाव पाणी सांभाळते, दुसरे जेवण, तिसरे मुक्काम. कोणी कोणाच्या कामात हात घालीत नाही. ही कामाची वाटणी आपण जरूर शिकावी. आमच्या आधीच्या पिढीतील लोक १९७९ च्या नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून तेव्हाच्या औरंगाबादकडे निघालेल्या लाँग मार्चमध्ये चालले. विद्यापीठाच्या नामांतरासाठी ते चालणे होते. ते हक्काचे चालणे. तेथे पावती पुस्तकाचे काम नव्हते. पैशासाठी चालणे हा निराळा प्रकार आहे आणि त्याची शिस्तही निराळी.

या शिस्तीचा धडा भूदान चळवळीत मिळतो. १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा भावे तेलंगणातील पोचमपल्लीस होते. ते गाव आणि आपली हिंगोली तेव्हा एकाच हैदराबाद राज्यात होती. गावातील भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमिनीची मागणी केली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे देशभर चालत राहिले आणि लाखो एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. पुढे काय झाले? पुष्कळशी जमीन नापीक निघाली, काही वादात अडकली, कितीतरी कधी भूमिहीनांच्या नावावर झालीच नाही. चालणाऱ्याच्या निष्ठेत उणे नव्हते. दिलेला शब्द आणि सातबारा यांच्यामध्ये जे काम असते, ते मागे पडले.

दुसरे उदाहरण दूरच्या कॅनडातील आहे. टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला होता. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर आजार फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले. त्याची मागणी एका वाक्याची होती : प्रत्येक नागरिकाने एक डॉलर द्यावा. देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ४० लाख. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेला होता. मागणी लहान आणि स्पष्ट असली म्हणजे देणाऱ्याला हिशेब करीत बसावे लागत नाही.

आता आपल्याकडचा हिशेब मांडून पाहू. समजा, १५० जण चालणार. प्रत्येकाने १० घरांतून ५० रुपये कबूल करून घेतले, तर ७५,००० रुपये होतात. त्यातले निम्मेच वसूल झाले तर ३७,५००. प्रत्येकी २०० रुपयांचा छापील टी-शर्ट केला तर ३०,००० गेले. उरले ७,५००, त्यातून पाणी, नाश्ता, बॅनर आणि ध्वनिक्षेपक! हे काल्पनिक गणित नाही, असे खेदाने सांगावे लागते. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या पदयात्रेचा जमाखर्च लिहिला, तिचा शेवट जवळपास असाच झाला होता. फोटो उत्तम आले. पण ज्या मुलीची नर्सिंगची फी भरू असे मंडळाने सांगितले होते, तिच्या वडिलांना शेवटी सावकाराकडे जावे लागले. ते गृहस्थ आजही आम्हाला आदराने नमस्कार करतात, आणि आम्हाला मान वर करवत नाही.

तेव्हा टी-शर्ट नको. छातीवर कागदी पट्टी पुरे. चालणाऱ्याला महिनाभर आधी एक कार्ड द्यावे : दात्याचे नाव, रक्कम, पावती क्रमांक, सही. पैसे शक्यतो कार्ड भरतानाच घ्यावेत. राहिलेले पंधरा दिवसांच्या आत. दर किलोमीटरला इतके रुपये, ही परदेशी पद्धत आपल्याला सोयीची नाही. सत्तरीची आजी दोन किलोमीटरवर बसली, म्हणून तिच्या कार्डावरची रक्कम कमी का व्हावी? आणि धावण्यापेक्षा चालणेच बरे. सराव नसलेल्या माणसाने एकाएकी धावू नये, आणि आपल्या माता-भगिनी नऊवारीत येणार आहेत.

दिवस कोणता? १४ एप्रिलला मिरवणूक असते, बुद्ध पौर्णिमेला ऊन पायाखाली पेटलेले असते. विजयादशमीच्या सुमारास निम्मे गाव नागपूरला आणि ६ डिसेंबरला दादरला गेलेले असते. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. राहतो जानेवारी. ३ जानेवारी ही सावित्रीबाई फुले यांची जयंती; थंडी असते, सोयाबीनचे पैसे बहुधा हाती आलेले असतात. त्याच्या जवळचा रविवार, सकाळी सात वाजता रामलीला मैदानावरून, पाच किलोमीटरच्या आत. पोलीस ठाण्यात आणि नगर परिषदेत लेखी अर्ज पुरेसा आधी द्यावा. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेबाबत रुग्णालयात आधी बोलून ठेवावे.

पैशाबाबत थोडे कडक लिहितो, वाचकांनी राग मानू नये. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी ती घेतात. आपली संस्था नोंदणीकृत आहे, तरी पावती पुस्तकांची नोंद हवीच : कोणते पुस्तक कोणाला दिले, किती पावत्या फाडल्या, किती कोऱ्या परत आल्या. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा, खजिनदारांच्या मोबाइलचा नव्हे. मोबाइलवरचा फोटो दाखवला म्हणजे पैसे आले असे होत नाही. पासबुकात नोंद दिसली म्हणजे आले. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि ते दोघे एका घरातले नसावेत. ज्या दात्यांना आयकरात सवलत हवी असेल, त्यांना एवढे सांगावे की २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर २०१७ पासून ती मिळत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. मदत मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना व्यासपीठावर उभे करून पाकीट देताना फोटो काढू नयेत. डॉ. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. मुलाला शिकता यावे, हा त्यामागचा हेतू. त्याने ओशाळे व्हावे हा नव्हे. फी थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरावी. विहाराच्या फलकावर रक्कम लावावी, नाव लावू नये. मात्र जमाखर्चाचा तपशील, अगदी पाण्याच्या जारपर्यंत, महिन्याच्या आत त्याच फलकावर लागला पाहिजे.

मागील पदयात्रेची अपुरी कार्डे विहाराच्या कपाटात अजून आहेत. नवी छापण्यापूर्वी ती घेऊन आम्ही येत्या पौर्णिमेपासून संध्याकाळी घरोघरी जाणार आहोत. सोबत येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी बँक सुटल्यावर, सहा वाजता विहारात भेटावे.