माईकवाल्यांनो, मिक्सरचा जोर आधी मोजा

मोखाडा तालुक्यातील खोडाळा परिसरात उन्हाळा म्हणजे माईकवाल्यांचा हंगाम. लग्ने याच दिवसांत आणि बोहाडाही. बोहाड्यात देवादिकांची सोंगे संबळ-सनईच्या तालावर नाचतात. गावोगाव मंडप लागतात, भोंगे बांधले जातात. एकदा पाऊस सुरू झाला की हे काम थांबते. चार महिन्यांच्या कमाईवर वर्षाचा हिशेब बसवावा लागतो. अशा वेळी भर कार्यक्रमात भोंग्याचे युनिट जळाले तर भाडेही जाते आणि गिऱ्हाईकही.

आम्ही कापडाचे व्यापारी. मंडपाच्या कापडामुळे माईकवाल्यांशी आमचा नेहमी संबंध येतो. त्यांची एक तक्रार वारंवार कानावर पडते: "नवा मिक्सर घेतला, पण जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला की आवाज फाटतो." यात बहुधा मिक्सरही चांगला असतो आणि अॅम्प्लिफायरही. चूक असते ती जोडणीत.

घाऊक माल, किरकोळ दुकान

माईकमधून निघणारा सिग्नल फार नाजूक असतो, व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजण्याइतका. अॅम्प्लिफायरची माईकची जागा तेवढ्याच मालासाठी बनवलेली असते. व्यावसायिक मिक्सर मात्र सव्वा व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो (नेमका आकडा १.२३ व्होल्ट). म्हणजे शंभरपटीहून जास्त. किरकोळ दुकानाच्या दारात घाऊक मालाचा ट्रक रिकामा करावा, तसा हा प्रकार आहे.

"मग अॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम कमी करू," असे पुष्कळजण म्हणतात. पण बऱ्याच अॅम्प्लिफायरमध्ये सिग्नल आधी वाढवला जातो आणि व्हॉल्यूमचे बटण त्यानंतर लागते. पहिल्याच पायरीवर फाटलेला आवाज पुढे कमी केला तरी फाटलेलाच राहतो. असा फाटका आवाज मोठा करून वाजवला की भोंग्याच्या युनिटची नाजूक कॉईल तापून जळते. मिक्सरचाच मास्टर अगदी तळाला ठेवला तर खरखर वर येते आणि बटण जरा हलले की आवाज एकदम उडी मारतो.

उपाय दोन रेझिस्टन्सचा

अॅम्प्लिफायरला 'ऑक्स' किंवा 'लाईन' लिहिलेली जागा असेल तर मिक्सर तिथेच जोडावा. तिथेही आवाज फाटत असेल तर थोडी घट पुरते. घरगुती यंत्रांची लाईन सुमारे ०.३१६ व्होल्टची असते, म्हणजे मिक्सरच्या साधारण चौथा भाग. यासाठी सिग्नलच्या तारेत ३.३ हजार ओहमचा रेझिस्टन्स घालावा. त्याच्या अॅम्प्लिफायरकडच्या टोकापासून जाळीच्या तारेपर्यंत १ हजार ओहमचा दुसरा लावावा. सिग्नल चौपटीहून थोडा अधिक उतरतो. कारागिरांच्या भाषेत ही सुमारे १२ डेसिबलची घट झाली.

फक्त माईकचीच जागा असेल तर याच पद्धतीने तारेत १० हजार ओहम आणि जाळीपर्यंत १०० ओहम लावावा. सिग्नल शंभरपट कमी होतो, म्हणजे ४० डेसिबल. तीन टोकांची पिन असून दोन तारांतून सिग्नल जात असेल तर दोन्ही तारांत ४.७ हजार ओहमचा एकेक रेझिस्टन्स घालावा आणि १०० ओहमचा त्या दोन तारांच्या मध्ये झाळावा. जाळीची तार सरळ जाऊ द्यावी.

हा तुकडा अॅम्प्लिफायरच्या बाजूला लावणे चांगले. लांब वायरमधून जोरकस सिग्नल यावा आणि शेवटी कमी व्हावा, म्हणजे वाटेतली खरखरही त्याच प्रमाणात कमी होते.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. हा तुकडा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये कधीही लावू नये. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देताना तिथे २८ व्होल्ट असतात, आणि भोंग्यांच्या लाईनवर तर १०० व्होल्टपर्यंत. छोटे रेझिस्टन्स क्षणात जळतील. चालू करताना मिक्सर आधी आणि अॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना याच्या उलट.

कायद्याचेही भान हवे

आवाज स्वच्छ असला की तो मोठा करण्याची गरज कमी पडते, आणि याचा फायदा कायद्याच्या बाजूनेही आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. बोहाडा असो, लग्न असो की मशिदीचा भोंगा, नियम सर्वांना सारखाच. यंत्रे जप्त झाली तर हंगाम बुडतो तो माईकवाल्याचाच.

रेझिस्टन्सची किंमत चहाच्या पैशांत भागते. खर्च करायचा तो चांगल्या पिनांवर. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे काम जाणणाऱ्या आपल्या तरुणांनी असे तुकडे तयार करून, त्यांवर '१२' आणि '४०' असे आकडे लिहून माईकवाल्यांना पुरवावेत. हा छोटा पण हक्काचा धंदा आहे. आणि माईकवाल्यांनी हंगामापूर्वी प्रत्येकी दोन तुकडे पेटीत टाकून ठेवावेत, कारण खोडाळ्यात रात्री आठ वाजता रेझिस्टन्स शोधत फिरण्याची वेळ कोणावर येऊ नये.