आपली वाटी आधी काढून ठेवूया

पावसाळा लागला की घरात आजारपणाची रांग लागते. पोराचा खोकला जातो न जातो तोच सासूबाईंना ताप येतो. मग कुणीतरी सांगतं, ताकदीची पावडर आणा. ती आणण्याआधी आज आपण आपल्याच ताटाकडे बघूया.

रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या अंगात रोज नव्यानं तयार होतात. त्या घडायला प्रथिनं लागतात. डाळ, मटकी, हुलगे, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे यांतून ती मिळतात. भाकरीच्या प्रथिनांत जे कमी असतं, ते डाळ भरून काढते. म्हणून वरण पाण्यासारखं नको, घट्ट हवं.

नाक, घसा, आतडं यांचं आतलं अस्तर म्हणजे शेताचं कुंपणच. ते धड राहायला 'अ' जीवनसत्त्व लागतं. शेवग्याचा पाला, मेथी, लाल भोपळा, पिकलेली पपई यांत ते भरपूर असतं. भाजीला थोडं तेल मात्र हवं, तेलाशिवाय ते अंगी लागत नाही.

पालेभाज्या आणि कडधान्यांत लोहही असतं. त्यावर लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी शोषलं जातं. म्हणून चहा तासाभरानं घेऊया. मटकीला मोड आणले की तिच्यातलं लोह आणि जस्तही शरीराला सहज मिळतं.

आजारपणात भूक मरते, खाणं कमी होतं, अंग खचतं आणि पुढचा आजार लवकर गाठतो. हा फेरा तोडायचा तर आजारी मुलाला उपाशी ठेवायचं नाही. मऊ भात, घट्ट वरण थोडं थोडं भरवायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडायचं नाही. मूल बरं झाल्यावरही दोन आठवडे रोज एक वेळचं जास्त खायला द्यायचं.

खाण्यानं सगळेच रोग टळतात असं नाही. लसी वेळेवर घ्यायच्या, पाणी स्वच्छ ठेवायचं, हात साबणानं धुवायचे, हेही हवंच.

आता आपल्या मनातलं बोलूया. घरात शेवटी कोण जेवतं? आपणच. वरण, भाजी सगळ्यांना वाढून होते आणि आपल्या वाट्याला उरते चटणी-भाकरी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. घरातल्या आजाऱ्याची सेवा करते तीच आतून पोखरलेली असते.

म्हणून आजपासून एवढंच करूया. ताटं वाढण्याआधी आपली वरणाची आणि भाजीची वाटी बाजूला काढून ठेवायची. जमलं तर सगळ्यांबरोबरच जेवायला बसायचं. पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की एकमेकींना विचारूया, "तुझी वाटी काढली होतीस का गं?"