जंत तितकेच, खुराक वेगळा

पावसाळा लागला की शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात हिमॉन्कस हा जंत डोके वर काढतो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, मुक्काम पोटाच्या चौथ्या कप्प्यात आणि अन्न म्हणजे जनावराचे रक्त. एका जंतामुळे दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त जाते. हजार जंत असले तर रोजचे ५० मिलिलिटर, आणि २५ किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते जेमतेम पावणेदोन लिटर. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात. रक्तातली प्रथिने घटल्यामुळे जबड्याखाली पाणी साचून सूज येते. वेळेत उपाय झाला नाही तर जनावर दगावते. मादी जंत रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून कुरणात पडतात, उबदार ओलाव्यात आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि गवताबरोबर पुन्हा पोटात जातात.

एकाच कुरणात चरणाऱ्या दोन जनावरांपैकी एक खंगते आणि दुसरे तग धरते, असे का होते? वय, जात, आनुवंशिकता ही कारणे आहेतच. पण ज्यावर पशुपालकाचा थेट हात चालतो असे कारण म्हणजे खुराक. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे १९८०च्या दशकात कोकरांवर प्रयोग झाले. कोकरांना हिमॉन्कसच्या सारख्याच अळ्या दिल्या. काहींच्या आहारात प्रथिने भरपूर होती, काहींच्या कमी. पोटात रुजलेल्या जंतांच्या संख्येत फारसा फरक पडला नाही. आजार मात्र कमी प्रथिनांच्या कोकरांमध्ये जास्त तीव्र झाला. म्हणजे चांगल्या आहाराने आधी वाढते ती जंत सोसण्याची ताकद. जंत हुसकावून लावण्याची ताकद हा पुढचा टप्पा, आणि तिलाही प्रथिनेच लागतात.

कारण जंतांमुळे होणारे नुकसान मुख्यतः प्रथिनांचे असते. गेलेले रक्त भरून काढायचे, पोटाचे फाटलेले अस्तर पुन्हा विणायचे, त्यावरचा चिकट स्राव वाढवायचा, जंतांविरुद्ध प्रतिपिंडे आणि पेशी तयार करायच्या. सगळ्याला प्रथिने हवीत. त्यातच जंत झालेल्या जनावराची भूक मंदावते. गरज वाढते तेव्हाच आवक घटते. मिळकत आटलेल्या घरात जसे आधी पोटाचे पाहतात, मग मुलांचे, आणि घराची डागडुजी मागे पडते, तसाच हिशेब शरीरही करते. कूप आणि किरियाझाकिस या संशोधकांनी १९९९ मध्ये हा क्रम नीट मांडला. प्रौढ मादीत आधी स्वतःचा जीव, मग गर्भ आणि दूध, आणि उरले तर जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती.

म्हणूनच विण्याच्या आगेमागे मादीच्या लेंड्यांतील जंतांची अंडी अचानक वाढतात. कोवळी करडे चरायला लागतात ती नेमकी याच कुरणात. दोन किंवा तीन पिल्ले असली की आईवरचा ताण आणखी वाढतो. आपल्या उस्मानाबादी शेळीत जुळी सर्रास होतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. मेंढ्यांवरील प्रयोगांत या काळात जादा प्रथिने दिल्यावर अंड्यांची ही वाढ कमी झाली. आईला दिलेला खुराक असा पुढच्या पिढीचेही रक्षण करतो.

पण नुसते जास्त खाऊ घालणे हा उपाय नव्हे. डाफ्निया या गोड्या पाण्यातल्या इवल्या प्राण्याला भरपूर अन्न मिळाले, तर त्याच्या अंगातला परजीवी जिवाणूही जास्त बीजाणू तयार करतो. यजमानाच्या ताटातले परजीवीही खातो. म्हणून कशाची कमतरता आहे हे ओळखूनच खुराक ठरवावा. नुसत्या कडब्यावर आणि मक्यावर पोसलेल्या शेळीला ऊर्जा मिळते, प्रथिनांची तूट तशीच राहते.

शेळी मुळात झाडपाला खाणारी. गवतावरच्या अळ्या जमिनीलगत असतात, त्यामुळे मान उंच करून खाणाऱ्या शेळीच्या पोटात त्या कमी जातात. तिला खाली मान घालून चरायला लावले, की मेंढीपेक्षाही तिला जंतांचा त्रास जास्त होतो. बाभूळ, बोर यांसारख्या झाडांच्या पाल्या-शेंगांत टॅनिन असते. ते कोटीपोटात प्रथिनांना धरून ठेवते आणि चौथ्या कप्प्यातल्या आम्लात सोडते, म्हणून जनावराला जास्त प्रथिने मिळतात. काही टॅनिन अळ्यांच्या वाढीतही अडथळा आणतात. अमेरिकेतील यूटा येथील प्रयोगांत जंत झालेल्या कोकरांनी टॅनिनयुक्त खाद्य जास्त पसंत केले, आणि जंत गेल्यावर ती ओढ ओसरली. अति टॅनिनने मात्र खाणे आणि पचन दोन्ही मंदावते.

या सगळ्याची निकड औषधांमुळे वाढली आहे. थायाबेंडाझोल हे नव्या पिढीचे जंतनाशक १९६१ मध्ये आले आणि काही वर्षांतच हिमॉन्कस त्याला दाद देईनासा झाला. पुढे अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिनलाही तेच भोगावे लागले. सरसकट सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजणे म्हणजे औषधाला पुरून उरणारे जंतच निवडून वाढवणे. दक्षिण आफ्रिकेत पापणीचा रंग तक्त्याशी ताडून फक्त फिकट जनावरांना औषध देण्याची पद्धत निघाली, ती यासाठीच.

खुराक औषधाची जागा घेत नाही. पापणी पांढरी पडलेल्या शेळीला त्याच दिवशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध हवे. पण गाभणपणाचे शेवटचे दीड महिने आणि विल्यानंतरचे काही आठवडे पेंड, मेथीघास, शेवरी किंवा सुबाभळीचा पाला मिळाला, तर औषधाची पाळी कमी जनावरांवर येईल आणि हाती असलेली औषधे जास्त वर्षे चालतील. दोन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला पेंडीचा हा खर्च जड वाटतो. शेळी मेली तर होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते. म्हणून जंत निर्मूलनाच्या मोहिमेत औषधाच्या बाटलीबरोबर गाभण शेळीच्या खुराकालाही जागा मिळायला हवी.